मोठा ४के मॉनिटर मधूनच काळा होतो, अंधाऱ्या दृश्यात लुकलुकतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

व्हेरिएबल रिफ्रेश रेट (व्हीआरआर, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढायचं ते गेमच्या वेगाप्रमाणे बदलणं) असलेले मोठे ४के मॉनिटर माझ्या हातून बरेच गेले आहेत. काही माझे, काही मित्रांचे, काही कामाच्या ठिकाणचे. जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते: "स्क्रीन फ्लिकर होते." पण या एका शब्दामागे निदान चार वेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. चांगला मॉनिटर केबलपायी परत गेलेला मी पाहिला आहे. उलट, पॅनेलचाच (चित्र उमटवणाऱ्या पडद्याचाच) दोष असताना लोक महिनाभर केबली बदलत बसले आणि तोवर परतीची मुदत उलटून गेली, हेही पाहिलं आहे. नवा मॉनिटर घेतला असेल तर खालच्या तपासण्या पहिल्या आठवड्यातच करून टाका.

आधी लक्षणं

तुमच्या स्क्रीनवर नेमकं काय होतं, ते यातून ओळखा.

- स्क्रीन एक-दोन सेकंद पूर्ण काळी होते आणि आपोआप परत येते. आवाज, गेम, काम मागे चालूच असतं.
- चित्र दिसत राहतं, पण उजेड धडधडतो. अंधाऱ्या गुहा, रात्रीची दृश्यं, करडी पार्श्वभूमी, गेमचा मेनू आणि लोडिंगची स्क्रीन इथे जास्त. लख्ख पांढऱ्या पानावर जवळजवळ नाहीच.
- चित्रात बारीक पांढरे किंवा रंगीत ठिपके क्षणभर चमकून जातात.
- मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र काढणारा) आहे, पण सेटिंगमध्ये ६० किंवा ३० च्या पुढे पर्यायच दिसत नाही.
- अक्षरांच्या कडा रंगीत आणि मळकट दिसतात, विशेषतः काळ्यावर लाल मजकूर असेल तेव्हा.
- हलणाऱ्या वस्तूमागे फिकट छटा ओढली जाते, आणि गेमचा वेग कमी झाला की ती वाढते.

हे लिहून ठेवा: कोणतं ॲप चालू असताना, किती वेळाने, किती सेकंद. "कधीही होतं" हे उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. दोन दिवस टिपण ठेवलं की नेमकी वेळ सापडते.

काही गोष्टी बिघाड नसतात, त्या आधीच बाजूला काढतो. एचडीआर (उजेड आणि अंधारातला जास्त फरक दाखवणारी पद्धत) चालू किंवा बंद करताना स्क्रीन क्षणभर काळी होणं स्वाभाविक आहे. संरक्षित व्हिडिओ सुरू होताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकमेकांची परवानगी पुन्हा तपासतात, तेव्हाही तसं होऊ शकतं. फुल स्क्रीन गेममधून दुसऱ्या खिडकीत जाताना काही ग्राफिक्स कार्डं सिग्नलची जुळणी नव्याने करतात, त्यातही दोन-तीन सेकंद जातात. गेम "बॉर्डरलेस विंडो" मध्ये चालवला की हे शेवटचं बहुधा थांबतं. तुम्ही काही न करता, साधं वाचत बसलेले असताना स्क्रीन काळी होत असेल, तरच पुढे चला.

पहिली तपासणी: व्हीआरआर बंद करून बघा

याला एक मिनिट लागतं आणि खर्च शून्य. तरी बहुतेक जण हे सगळ्यात शेवटी करतात.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ॲडॅप्टिव्ह-सिंक, फ्रीसिंक किंवा व्हीआरआर अशा नावाने जो पर्याय असेल तो बंद करा. मग ज्या जागी त्रास हमखास होतो, तीच जागा पुन्हा चालवा. उजेडाचं धडधडणं थांबलं, तर दोष व्हीआरआरच्या चालीत किंवा पॅनेलच्या स्वभावात आहे. केबल बदलून काही होणार नाही. थेट फ्रेम आणि पॅनेलच्या भागाकडे जा. स्क्रीन तरीही काळी होत राहिली, तर दोष सिग्नलच्या वाटेत आहे आणि पुढचे तीन भाग तुमच्यासाठी आहेत.

असं का, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र नव्याने काढतो, ग्राफिक्स कार्ड तयार असो वा नसो. व्हीआरआरमध्ये मॉनिटर थांबतो. नवी फ्रेम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाने तयार केलेलं पुढचं चित्र, आली की काढतो, नाही आली तर दोन चित्रांमधला रिकामा काळ लांबवतो. म्हणून चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही. पण थांबण्यालाही हद्द असते. मॉनिटरच्या माहितीपत्रकात ४८ ते १४४ हर्ट्झ असा पल्ला लिहिलेला असतो, तो हाच. ही संख्या शोधून टिपणात लिहा, पुढे तीनदा लागणार आहे.

दुसरी: सेटिंग, खाच, मधले जोड

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट प्रत्यक्षात किती आहे ते बघा. नवा मॉनिटर महिनोन्महिने ६० वरच चाललेला मी अनेकदा पाहिला आहे, कारण कोणी तो आकडा बदललाच नव्हता. तो वाढवायचा पर्यायच नसेल, तर मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची किंवा एचडीएमआयची आवृत्ती निवडायची सोय आहे का ते शोधा. कित्येक मॉनिटर कारखान्यातून जुन्या आवृत्तीवर ठेवलेले येतात, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरही चित्र यावं. सगळी पोर्टंही सारखी नसतात. दोनपैकी एकच एचडीएमआय पूर्ण वेगाचं असणं नेहमीचं आहे.

मेनूत इतकी उलथापालथ झाली असेल की काय बदललं ते आठवत नाही, तर कारखान्याच्या मूळ सेटिंगवर परत न्या.

मग प्लग. दोन्ही टोकं काढून पुन्हा लावा. डिस्प्लेपोर्टच्या बहुतेक प्लगांना छोटं कुलूप असतं, त्याचा "टक्" आवाज यायला हवा. मोठा मॉनिटर टेबलाला लावलेल्या हलत्या बाहूवर (मॉनिटर आर्मवर) बसवलेला असेल तर तो वरखाली करताना केबल ताणली जाते आणि प्लग अर्धा मिलिमीटर बाहेर येतो. तेवढंही पुरतं.

आता मधलं सगळं काढा: ॲडॅप्टर, वाढीव केबल, डॉक, दोन कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन फिरवणारा स्विच. कॉम्प्युटर ते मॉनिटर एकच सरळ केबल. प्रत्येक जोडाला सिग्नल थोडा क्षीण होतो आणि ४के १४४ ला तेवढी मोकळीक उरलेली नसते.

लॅपटॉप यूएसबी-सीने जोडलेला असेल तर आणखी एक गोष्ट. त्या केबलीत वेगाने माहिती वाहणाऱ्या चार वाहिन्या असतात. मॉनिटरच्या यूएसबी पोर्टांना जास्त वेग हवा असेल तर त्यातल्या दोन तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. मॉनिटरच्या मेनूत "यूएसबीचा वेग की रिझोल्यूशन" अशा अर्थाचा पर्याय असतो. तो रिझोल्यूशनकडे न्या. ३० हर्ट्झवर अडकलेले कितीतरी मॉनिटर एवढ्यानेच सुटतात.

तिसरी: वेग उतरवून बघा, मग केबल

नवी केबल आणण्याआधी रिफ्रेश रेट १४४ वरून ६० वर आणा आणि तासभर नेहमीचं काम करा. काळं होणं आणि ठिपके थांबले, १२० वर थोडे आले, १४४ वर भरपूर आले, तर केबलच दोषी असण्याची शक्यता फार मोठी. ६० वरही तितकंच होत असेल, तर केबलीवर एवढ्यात खर्च करू नका.

यामागचा हिशेब साधा आहे. ३८४० × २१६० म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल. प्रत्येकाला २४ बिट धरले तर ६० हर्ट्झला सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट लागतात, १४४ ला २८.७. रंग १० बिटचा केला की ३५.८. हा फक्त पिक्सेलांचा आकडा आहे. दोन चित्रांमधला रिकामा काळ त्यावर वेगळा. दुसऱ्या बाजूला, एचडीएमआय २.० मधून प्रत्यक्षात १४.४ गिगाबिट जातात, डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९२ आणि एचडीएमआय २.१ मधून सुमारे ४२. म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.४ वर ४के १४४ चालवायचं तर माहिती दाबून लहान करणारं डीएससी नावाचं तंत्र लागतंच, किंवा रंगाची माहिती कमी करावी लागते. अक्षरांच्या कडा मळकट दिसण्याचं कारण तेच: कुठेतरी रंग ४:२:० किंवा ४:२:२ वर गेलेला असतो. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये तो ४:४:४ किंवा आरजीबी (रंगाची पूर्ण माहिती) करा. नाही झाला तर रिफ्रेश रेट एक पायरी उतरवा. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याला १२० हर्ट्झ आणि स्वच्छ अक्षर हे १४४ आणि मळकट अक्षरापेक्षा केव्हाही चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

केबल घ्यायचीच तर वेष्टनावर "८के" छापलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एचडीएमआयसाठी "अल्ट्रा हाय स्पीड" प्रमाणपत्राचं लेबल असतं आणि त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून खरंखोटं पाहता येतं. डिस्प्लेपोर्टला "डीपी८के", "डीपी४०" किंवा "डीपी८०" असं व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणन बघा. लांबी लागेल तेवढीच. साध्या तांब्याच्या केबलीत दोन मीटरच्या आत राहिलात तर निम्म्या कटकटी उद्भवतच नाहीत. पाच मीटर लागणारच असतील तर ॲक्टिव्ह (आत सिग्नल सांभाळणारी चिप असलेली) किंवा ऑप्टिकल केबल घ्या, आणि तिची दिशा उलटी लावू नका; तिच्यावर कोणतं टोक कॉम्प्युटरचं ते लिहिलेलं असतं.

स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींचा एक खास दोष: विसाव्या पिनची तार दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती तिथे नसायला हवी. तिच्यातून मॉनिटरची वीज उलटी कॉम्प्युटरमध्ये जाते. कॉम्प्युटर बंद केल्यावरही आतले दिवे मंद जळत राहिले, किंवा मॉनिटर जोडलेला असताना तो सुरूच होत नसेल, तर ती केबल लगेच काढा आणि पुन्हा वापरू नका.

चौथी: खुर्ची

हो, खुर्ची. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताना किंवा बसताना स्थिर विद्युत साठते आणि झटक्यात मोकळी होते. त्या झटक्याचा विद्युतचुंबकीय धक्का केबलीत शिरतो, सिग्नलची लय तुटते आणि स्क्रीन सेकंदभर जाते. मला एका ठिकाणी हे उलगडायला तीन आठवडे लागले होते. तिथल्या बाई म्हणायच्या, "मी चहाला उठले की स्क्रीन जाते." आम्ही त्यांचं बोलणं मनावर घेतलं नाही, ड्रायव्हर बदलत राहिलो. त्यांचं निरीक्षण तंतोतंत बरोबर होतं.

दहा वेळा उठून बसून बघा. जुळलं, तर केबल खुर्चीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब न्या, चांगल्या आवरणाची आखूड केबल लावा, आणि मॉनिटर व कॉम्प्युटर दोन्ही अर्थिंग असलेल्या एकाच पट्टीवर घ्या.

पाचवी: फ्रेम कुठे फिरतात

इथून पुढे उजेड धडधडण्याची गोष्ट. मॉनिटरच्या मेनूत रिफ्रेश रेटचा चालू आकडा दाखवायची सोय असते, ती लावा. गेममध्येही फ्रेमचा आकडा कोपऱ्यात आणा. मग जिथे लुकलुकतं तिथे उभे राहा आणि दोन्ही आकडे बघत राहा.

पल्ला ४८ ते १४४ आहे असं धरू. फ्रेम सेकंदाला ४७ वर आल्या की मॉनिटरला तेवढं हळू चालता येत नाही. मग ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेम दोनदा पाठवतं आणि मॉनिटर ९४ वर पळतो. फ्रेम ४९ झाल्या की पुन्हा ४९. तुमचा गेम ४६ ते ५० च्या मध्ये रेंगाळत असेल, तर मॉनिटर सेकंदाला कितीतरी वेळा ४९ आणि ९४ यांच्यात उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला उजेड जरासा बदलतो. हेच ते धडधडणं.

इलाज: गेमची चित्रगुणवत्ता एक पायरी खाली आणा, म्हणजे फ्रेम ६० च्या वर राहतील. किंवा फ्रेमवर मर्यादा घाला. सगळ्या दृश्यांत जो आकडा टिकतो तोच मर्यादा म्हणून ठेवा, हवेतला मोठा आकडा नको. वरच्या टोकालाही हेच. १४४ च्या मॉनिटरवर १६० फ्रेम गेल्या की व्हीआरआर सुटतं आणि चित्र फाटतं. म्हणून मर्यादा १४० च्या आसपास ठेवा.

पल्ला ४० ते ६० असा अरुंद असेल तर ही दुप्पट करण्याची युक्ती चालतच नाही. ३५ ची दुप्पट ७०, आणि मॉनिटर ६० च्या वर जाऊ शकत नाही. मोठा मॉनिटर निवडताना पल्ल्याचं वरचं टोक खालच्याच्या अडीचपट तरी आहे ना, हे मी सगळ्यात आधी बघतो. छापील कमाल आकड्यापेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

गेम चालू नसताना, साध्या खिडक्यांत लुकलुकत असेल, तर व्हीआरआर "फक्त फुल स्क्रीनसाठी" करा. ब्राउझर किंवा एखादा एडिटर व्हीआरआर जागं करतो आणि कर्सर लुकलुकण्याइतक्याच संथ वेगाने फ्रेम पाठवू लागतो, मग स्क्रीन तळाशी जाऊन आदळते. लिनक्सवर केडीई या डेस्कटॉपमध्ये हा पर्याय "कधीच नाही, आपोआप, नेहमी" असा मिळतो. "आपोआप" ठेवा.

सहावी: पॅनेलचा स्वभाव

फ्रेम पल्ल्याच्या मधोमध आहेत, ७० ते ११० फिरताहेत, आणि तरीही अंधारात धडधडतं? मग कटू गोष्ट ऐका. हे बहुधा दुरुस्त होणारं नाही.

एलसीडीचा प्रत्येक पिक्सेल एकदा विजेने भारला जातो आणि पुढची फ्रेम येईपर्यंत तो भार धरून ठेवतो. भार हळूहळू गळतो. फ्रेम लवकर आली तर कमी गळतो, उशिरा आली तर जास्त. कारखान्यात रंग आणि उजेडाची जुळणी एका ठरावीक वेगावर केलेली असते. वेग बदलला की ती किंचित ढळते. लख्ख भागात डोळ्याला कळत नाही, गडद करड्यात लगेच कळतं. व्हीए प्रकारच्या पॅनेलांत हे जास्त दिसतं आणि ओएलईडीतही दिसतं. आयपीएसमध्ये सहसा कमी. लोडिंगच्या स्क्रीनवर सगळ्यात वाईट दिसण्याचं कारण तेच: तिथे फ्रेम क्षणात उसळतात, क्षणात बसतात.

खात्री करायला फ्रेम एकाच आकड्यावर बांधा, समजा ८०. व्हीआरआर चालूच ठेवा. धडधडणं गेलं तर निदान पक्कं. यावर दोन उपाय उरतात. एक, मर्यादा कायम ठेवायची आणि अचानक अडखळणारे गेम व्हीआरआरशिवाय खेळायचे. दुसरा, एडिडमध्ये लिहिलेला पल्ला सॉफ्टवेअरने बदलून खालचं टोक ४८ वरून ६० वर आणायचं, म्हणजे मॉनिटर फार हळू जातच नाही. एडिड म्हणजे मॉनिटर स्वतःची ओळख कॉम्प्युटरला सांगतो ती छोटी माहिती. हा बदल कॉम्प्युटरच्या बाजूला राहतो, मॉनिटरला इजा होत नाही, पण चुकला तर स्क्रीन काळी राहू शकते. सेफ मोडमध्ये जाऊन मूळ पल्ला परत कसा आणायचा, हे माहीत असल्याशिवाय हात लावू नका.

आणि परतीची मुदत शिल्लक असेल, तर मॉनिटर परत करा. याच मॉडेलचा दुसरा नग घेऊन फरक पडेल ही आशा मी ठेवणार नाही.

छटा ओढली जाण्याबद्दल थोडक्यात: मेनूत "ओव्हरड्राइव्ह" किंवा "रिस्पॉन्स टाइम" (पिक्सेल किती झपाट्याने बदलायचा ते) सर्वांत वेगवान पायरीवर असेल तर मधल्यावर आणा. १४४ ला जी पायरी बरोबर बसते, तीच ६० ला जास्त होते आणि वस्तूमागे उलटी, उजळ कडा उमटते.

सातवी: ड्रायव्हर आणि दुसरा कॉम्प्युटर

ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घाला. त्रास ताज्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर मागची आवृत्ती घाला. ग्राफिक्स मेमरीचा वेग वाढवलेला असेल तर मूळ वेगावर आणा. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर असतील तर दुसरा काढून बघा. मॉनिटरच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट असेल आणि त्याच्या टिपणात तुमचाच त्रास लिहिलेला असेल, तरच करा. मध्ये वीज गेली तर मॉनिटर कायमचा बंद पडू शकतो.

यानंतरही तसंच राहिलं तर तोच मॉनिटर, तीच केबल, दुसरा कॉम्प्युटर. दोष मागे लागून आला तर मॉनिटर. नाही आला तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचं पोर्ट.

इथे थांबा

व्हीआरआर बंद करून, दोष दिसत असताना मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. चित्र जातंय पण मेनू स्थिर आहे, तर मॉनिटरचं पॅनेल ठीक आहे. मेनूही सोबत लुकलुकतो, मेनूवरूनही रेघ जाते, किंवा सगळ्या केबली काढल्यावर "सिग्नल नाही" ही पाटीसुद्धा थरथरते, तर दोष मॉनिटरच्या आत आहे: बॅकलाइट, पॅनेलच्या पट्ट्या किंवा वीजपुरवठा. इथे तुमचं काम संपलं. सर्व्हिस सेंटरला कळवा.

जळका वास, मागच्या बाजूला एका जागी चटका बसेल इतकी उष्णता, किंवा वाढत जाणारी गुणगुण असेल, तर एकही तपासणी करू नका. प्लग भिंतीतून काढा. मॉनिटर उघडू नका. आतल्या वीजपुरवठ्याचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून असू शकतात, आणि ३२ इंची किंवा त्याहून मोठ्या पॅनेलची काच चौकट काढताना वाकली की तडकते. वॉरंटी जाते ती वेगळीच. लॅपटॉपचं पोर्टच हलत असेल तर तेही मदरबोर्डवरचं काम आहे, सोल्डरिंग येतं म्हणून घरी करण्याजोगं नाही.

सर्व्हिस सेंटरला फक्त "फ्लिकर होतो" असं सांगितलं तर तिथे साध्या स्थिर चित्रावर तपासून "दोष आढळला नाही" म्हणून परत पाठवतील. तुमचं टिपण द्या: पल्ला, कोणत्या फ्रेमला, कोणत्या पोर्टवर, कोणती केबल, व्हीआरआर बंद केल्यावर काय झालं. व्हिडिओ काढाल तर एकाच फितीत व्हीआरआर चालू आणि बंद दोन्ही दाखवा. मोबाइलचा कॅमेरा कुठल्याही स्क्रीनवर स्वतःच्या पट्ट्या उमटवतो, त्यामुळे एकट्या क्लिपवरून काही सिद्ध होत नाही. दोन्हीतला फरक दिसला की होतं. आणि परतीची मुदत संपेपर्यंत मूळ खोका आणि आतला थर्माकोल टाकू नका, कारण एवढं मोठं पॅनेल दुसऱ्या कशात बांधून पाठवलं तर वाटेत फुटतं आणि मग दोष कुणाचा हे ठरवताच येत नाही.